घरी भरदार, स्टेजवर गायब : गिटारचा ॲम्प निवडताना

प्रश्न : मी इचलकरंजीत वन बीएचके फ्लॅटमध्ये राहतो. दिवसा नोकरी, आणि गणपती, नवरात्र, लग्नसराईत आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. बहुतेक जुनी हिंदी-मराठी गाणी. माझा प्रॅक्टिस ॲम्प अगदी लहान आहे, म्हणून मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजांची डिजिटल नक्कल करणारा) घ्यायचाय. मित्राचा ५० वॉटचा आणून घरी टोन बसवला, फार सुंदर लागला. कार्यक्रमात मात्र तोच टोन ढोलकी आणि कीबोर्डखाली पार दबून गेला. मग १०० वॉटचाच घ्यावा का? घरी आणि स्टेजवर, दोन्हीकडे चालेल असा कुठला?

उत्तर : वॉटसाठी जादा पैसे घालण्याआधी जरा थांबा. तुमची गिटार वॉट कमी पडले म्हणून दबलेली नाही. ५० च्या जागी १०० वॉट आले तरी आवाज वाढतो तो जेमतेम ३ डेसिबलने. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल वाढायला हवेत, म्हणजे दहापट वॉट. तेवढा ॲम्प कुणी घेत नाही, आणि घेऊही नये.

खरी गोष्ट कानाची आहे. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं, की आवाज लहान असला की आपल्याला खर्ज फार कमी ऐकू येतो, अगदी वरचं टोकही थोडं बोथट होतं. रात्री जेवणं आटोपल्यावर, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात टोन लावायला बसलं, की हात आपोआप बेस आणि ट्रेबल वाढवतो आणि मिडल मागे घेतो. खोलीत ते भरदार लागतं. तोच पॅच, म्हणजे ॲम्पमध्ये जपून ठेवलेली टोनची सेटिंग, मंडपात मोठा केला की बेस घुमायला लागतो. तिथे तर ढोलकीची धुम, ऑक्टोपॅडचा किक आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात आधीच ठाण मांडून बसलेले असतात. वरची जागा झांजांनी घेतलेली. उरतो तो मधला पट्टा, साधारण ५०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ. गिटार ओळखू येते ती त्याच पट्ट्यात, आणि तो आपणच घरी बसून रिकामा केलेला असतो.

म्हणून ॲम्प कुठलाही घ्या, पॅच दोन ठेवा. घरचा घरी बसवा. स्टेजचा मात्र तालमीतच बसवायचा, सगळे वाजवत असताना, कार्यक्रमाला ठेवता त्याच आवाजात. नॉब घड्याळासारखे धरले तर बेस दहावर आणा, मिडल दोनवर न्या आणि ट्रेबल बारापासून सुरू करा. गेन, म्हणजे आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब, घरच्यापेक्षा बराच खाली घ्या, नाहीतर कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळून लगदा होतो. रिव्हर्ब (घुमारा) निम्मा करा. मंगल कार्यालयाच्या फरशा आणि उघड्या भिंती त्यांचा रिव्हर्ब देतातच, तोही न मागता. हा पॅच एकट्याने ऐकलात तर कोरडा वाटेल, नाकात बोलल्यासारखा. तरी त्याला हात लावू नका. ढोलकी सुरू होऊ द्या, मग ऐका.

आता खरेदीचं. तुमच्या गरजेला १२ इंची स्पीकर हवा, घरासाठी पॉवर कमी करायची सोय हवी, आणि साऊंडवाल्याच्या मिक्सरला केबलने थेट जाणारी लाइन चांगली हवी. यातल्या तिसऱ्या गोष्टीकडे दुकानात कुणी पाहत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. ऑर्केस्ट्रात लोक गिटार ऐकतात ती साऊंडवाल्याच्या स्पीकरमधून. तुमचा ॲम्प हा खरं तर तुमचा स्वतःचा मॉनिटर, म्हणजे स्वतःला ऐकायचा स्पीकर असतो.

बॉस कंपनीचा कटाना ५० एमके टू घरासाठी उत्तम आहे. पॉवरचा नॉब अर्ध्या वॉटवर आणता येतो, स्पीकर १२ इंची आहे. पण त्याचं रेकॉर्डिंग आउट आणि हेडफोनचं जॅक एकच आहे. त्यात केबल घातली की ॲम्पचा स्पीकर बंद होतो, म्हणजे मिक्सरला लाइन दिली की स्टेजवर तुम्हाला स्वतःलाच ऐकू येणार नाही. मग माइक लावावा लागतो. साऊंडवाले पुष्कळदा गाण्याचा माइक वायरीने ॲम्पवरून खाली लोंबता सोडतात. तसं होऊ देऊ नका, स्टँड मागा. माइकचं तोंड स्पीकरच्या जाळीपासून दोन बोटांवर ठेवा, आणि मधली गोल टोपी जिथे संपून कोन सुरू होतो तिथे रोखा. अगदी मध्यावर रोखला तर आवाज टोचतो, कडेला नेला तर मंद होतो.

दर वेळी वेगळा साऊंडवाला मिळत असेल, तर मी ‘लाइन ६’ कंपनीचा कॅटॅलिस्ट ६० घ्या म्हणेन. त्याला मिक्सरसाठी एक्सएलआर आउट (माइकच्या केबलसारखं तीन पिनांचं) आहे, आणि त्यात स्पीकरचं सिम्युलेशन, म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल आहे. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं देतच नाही. सिम्युलेशन नसेल तर ते सगळं गाळल्याविना मिक्सरमध्ये जातं आणि डिस्टॉर्शन (फाटका आवाज) चरचरीत येतं. कटानाच घ्यायचा मनात असेल तर कटाना १०० घ्या, पण तो वेगळ्या लाइन आउटसाठी, वॉटसाठी नव्हे. पायाने पॅच बदलायच्या फूटस्विचचे पैसे बाजूला ठेवा, तो बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो.

एक कळकळीची विनंती. मंडपात हम (विजेची गुणगुण) आला म्हणून प्लगची तिसरी पिन काढू नका. ती अर्थिंगची पिन आहे. हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी शॉक बसला तर जिवावर बेततं. हमसाठी साऊंडवाल्याकडे ग्राउंड लिफ्ट (केबलमधला अर्थ तोडणारा स्विच) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे ॲम्प आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी मागा, आणि शक्य तर ॲम्प आणि मिक्सरला एकाच बोर्डावरून लाइट घ्या.

प्रश्न : माझ्याकडे यामाहाचा टीएचआर १० हा छोटा ॲम्प आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला तोच नेला तर?

उत्तर : ड्रमसेट असेल तर नको. त्यात दोन अगदी लहान स्पीकर आहेत, खोलीत टेबलावर ठेवून ऐकण्यासाठीच तो केलाय, आणि त्या कामात फार गोड आहे. ड्रमपुढे त्याचं काही चालणार नाही. एक गिटार, एक गाणारा, फार तर काहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी), एवढंच असेल तर हेडफोन आउटमधून मिक्सरला लाइन द्या. केबल मात्र स्टिरिओ जॅकची दोन मोनोत फुटणारी घ्या, दोन चॅनेल वापरा, आणि स्वतःला ऐकायला स्टेजवर एक मॉनिटर आधीच सांगून ठेवा.