खुबा नवा, खोडी जुन्या

खुब्याचा सांधा बदलून घरी आलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी प्रश्न पाठवावेत, असं मागच्या सदरात लिहिलं होतं. दुखणं, औषधं, व्यायाम असे प्रश्न येतील असं वाटलं होतं. आले ते आदोळी (जमिनीवर बसून नारळ खोवायची दाताळं लावलेली फळी), शिंपी आणि पाहुण्यांबद्दल! तसं नवल नाही म्हणा. बहुतेकांचा नवा सांधा ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून वजन पेलायला लागतो, जखमही ठरल्या वेळी भरते. जन्मभराच्या बसण्या-उठण्याच्या सवयी मात्र पेशंटबरोबर जशाच्या तशा घरी परत येतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी घरोघर जाते ती निम्मा वेळ त्यांच्याशी भांडायलाच.

सासऱ्यांसाठी कमोडची खुर्ची आणली. ती त्यांच्या खाटेशेजारी, म्हणजे हॉलमध्येच ठेवावी लागते. बघायला आलेला प्रत्येक पाहुणा नेमका तिच्यावर जाऊन बसतो. परवा आमचे भटजीही बसले. काय करू?
— एक सून, फोंडा

भटजींना सांगितलंत का? नसेल, तर आता सांगू नका.

पाहुणे तिथेच का बसतात, ते बघा. तुमच्या हॉलमध्ये बहुधा ती एकच खुर्ची नीट उंचीची आणि हातांची असेल. पेशंटसाठीही आसनाची कसोटी हीच: बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहिले पाहिजेत. सोफ्यात माणूस रुततो आणि उठताना नाक गुडघ्याला टेकेपर्यंत पुढे वाकतो. खुब्याच्या मागच्या बाजूने छेद घेऊन ऑपरेशन झालेल्यांना साधारण ६ ते १२ आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू देत नाहीत, तो नियम सोफा एका उठण्यात मोडतो. तेव्हा सासऱ्यांना सोफा बंद. बाल्कांवातला सोपा, म्हणजे दारापुढच्या पडवीतली बांधीव बैठक, ठेंगणा असेल तर त्यावर जाड, घट्ट उशी घाला आणि मगच त्यांना हवा खायला बसवा.

कमोडच्या खुर्चीवर टॉवेल टाकून ती ‘सभ्य’ करायला जाऊ नका. टॉवेल पाहून माणसं आणखी खुशाल बसतात. झाकण उघडं ठेवा. भोक दिसलं की पाहुणा आपोआप दुसरीकडे वळतो. आणि हॉलमधली पायपुसणी, गालिचे तेवढे उचला. वॉकरचे पाय त्यांत अडकतात.

ऑपरेशनला पाच आठवडे झाले. सून खोवलेलं खोबरं पाकिटातून आणते, माझ्याने बघवत नाही. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली. तेवढ्यापुरतं आदोळीवर बसू का?
— एक आजी, डिचोली

नको.

एवढ्याने तुम्ही ऐकणार नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, एका घरी मी सकाळी व्यायाम घ्यायला जायचे. अंगणात पाय ठेवला की आतून खर्र-खर्र आवाज यायचा आणि दार ढकललं की बंद व्हायचा. बाई खाटेवर, चादर गळ्यापर्यंत, डोळे मिटलेले. पण पदराला खोबऱ्याचा कीस, आणि खाटेखालून आदोळीचं दाताळ चोच काढून माझ्याकडे बघतंय. नवरा पेपरात तोंड खुपसून बसलेला. त्याला ताज्या खोबऱ्याचं हुमण हवं होतं, त्यामुळे त्याची साक्ष मिळणं शक्य नव्हतं.

आता आदोळीवर तुम्ही बसता कशा, ते आठवा. फळी जागची हलू नये म्हणून तिच्यावर बसायचं, एक गुडघा छातीशी, कंबरेतून पुढे वाकून दोन्ही हातांनी करटी फिरवायची आणि ती संपली की पलीकडची घ्यायला तसंच वाकलेलं राहून वळायचं. मागच्या बाजूने बसवलेला सांधा निसटतो तो अशाच वेळी: खुबा खोल वाकलेला, मांडी शरीराची मधली रेषा ओलांडून पलीकडे गेलेली आणि पाऊल आत वळलेलं. सांध्याभोवतीचे स्नायू आणि आवरण पुरतं जुळून येईपर्यंत ही जोखीम घ्यायची नसते.

यावरूनच दुसरी एक गोष्ट सांगून टाकते. लोक मांडी घालून बसायला फार भितात आणि खुर्चीत पायावर पाय टाकून ऐटीत बसतात. मागच्या बाजूच्या ऑपरेशनात ती ऐट जास्त घातकी, कारण त्यात पाय मधली रेषा ओलांडतो. मांडी घातल्यावर पाय बाहेरच्या अंगाला वळतो. तिथली खरी अडचण जमिनीपर्यंत खाली जाण्याची आणि परत उठण्याची आहे. पुढच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर नियम निराळे. म्हणून आरतीला जमिनीवर कधी बसायचं, बसायचं की नाही, हे शेजारणीच्या अनुभवावर ठरवू नका. तुमच्या सर्जनना विचारा. तिचा सांधा वेगळा, तुमचा वेगळा.

तोवर ओट्याला चिकटणारं, हाताने फिरवायचं खोवणीयंत्र आणा. उभ्याने नारळ खोवता येतो. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, कवंडळं (रानफळं) कुठे बांधायची, हे खुर्चीत बसून सांगा. सुनेला तेही आवडणार नाही, पण सांधा जागेवर राहील.

दुखरा पाय डावा. मेव्हणा, शेजारी आणि आमचा पोदेरसुद्धा (पाववाला) सांगतो की काठी डाव्या हातात धर. तुम्ही लोक उजव्या हातात का देता?
— कुडचडे

पोदेराकडून पाव घ्या. काठी उजव्याच हातात. डाव्या पायावर उभं राहताना कंबर उजवीकडे खाली कलायला बघते आणि ती सावरायला डाव्या खुब्याचे स्नायू जोरात ओढतात. उजव्या हातातली काठी ते काम वाटून घेते, म्हणून सांध्यावरचा भार उतरतो. जिन्यावर चढताना धडका पाय पुढे, उतरताना काठी आणि दुखरा पाय पुढे. खालून कोणी ‘डावा! उजवा!’ ओरडत असेल तर त्यांना चहा करायला पाठवा. त्यांचं डावं-उजवं तुमच्या उलट असतं.

ऑपरेशननंतर डावा पाय लांब झालाय असं सारखं वाटतं. पॅण्ट अल्टर करायला दिली. शिंप्याने दोन-दोनदा मोजून सांगितलं, दोन्ही पाय सारखेच. खोटं कोण बोलतंय?
— निवृत्त शिक्षक, म्हापसा

कोणीच नाही. झिजलेल्या खुब्यामुळे तुमचा डावा पाय काही वर्षं थोडा आखूड झाला होता. कंबर तिरकी झाली, स्नायू आवळले आणि डोक्यानेही त्यालाच सरळ मानलं. आता पाय पूर्ववत झाला तर तोच लांब वाटतो. व्यायामाने स्नायू सैल पडले की ही भावना बहुतेकांची काही आठवड्यांत, कधी दोन-चार महिन्यांत जाते. काही मिलिमीटरचा खराखुरा फरक राहू शकतो, पण तो शिंप्याच्या टेपवर कळत नाही. त्यासाठी एक्स-रे लागतो. आत्ताच बुटात टाच घालून घेऊ नका, तिरकी कंबर तशीच पक्की होईल. पॅण्ट मात्र परत आणा. एक पाय आखूड केलेली पॅण्ट पुढे कोणालाच होत नाही.

सप्ताहात खुर्चीवर बसून भजन ऐकत होतो. उठताना खुब्यातून ‘टक्’ असा आवाज आला. बाजूच्याने वळून पाहिलं. सांधा सुटला काय?
— वास्को

सुटला असता तर बाजूच्याने वळून पाहण्याआधी तुम्हीच ओरडला असता. सुरुवातीला स्नायू ढिले असतात, सांध्यातला गोळा आणि त्याची वाटी किंचित दूर होऊन पुन्हा जुळतात, कधी एखादा स्नायूबंध हाडावरून घसरतो. दुखत नसेल तर हा ‘टक्’ बहुधा निरुपद्रवी. सिरॅमिकची वाटी आणि सिरॅमिकचाच गोळा असलेल्या थोड्या लोकांचा सांधा चक्क करकरतो. तसं झालं तर सर्जनना दाखवा.

या करकरीचे आपल्यावर उपकार आहेत. १९४६मध्ये पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी झिजलेल्या हाडाच्या जागी अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवायला सुरुवात केली. तसा सांधा असलेले एक गृहस्थ पुढे वाकले की तो इतका करकरे, की त्यांची बायको त्यांच्याबरोबर एका खोलीत थांबायला कंटाळली. ही गोष्ट इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांच्या कानावर आली. बाकीचे हसले असतील, चार्नली घर्षणाच्या मागे लागले. आधी टेफ्लॉनची वाटी करून पाहिली, ती भराभर झिजली. १९६२मध्ये त्यांनी धातूचा लहान गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी वापरायला घेतली, आणि आजची बहुतेक ऑपरेशनं त्याच वाटेने चालली आहेत. एका बाईच्या वैतागाचा एवढा उपयोग वैद्यकात क्वचितच झाला असेल.

दोन प्रश्न. यांचे मित्र येऊन फार हसवतात, टाके तुटतील का? आणि तेच मित्र म्हणतात, रात्री थोडी फेणी घेतली की दुखणं थांबतं.
— मडगाव

टाके खुब्यावर आहेत, पोटावर नाहीत. खुशाल हसू द्या. फेणी नको. रक्त पातळ ठेवायच्या आणि दुखण्याच्या गोळ्या चालू असताना तर नकोच, आणि वॉकरवर झोकांडी जाणं काय असतं ते मित्रांना माहीत नाही. टाक्यांवर चोळायलाही नको, हे न विचारता सांगते.

काही गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नका. पोटरी सुजली, दुखू लागली, धाप लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप चढला किंवा अचानक जोराची कळ येऊन पाय आखूड आणि वळलेला दिसू लागला, तर मित्रांना त्याच गाडीतून हॉस्पिटलात न्यायला सांगा.

नाव छापू नका. नवरा-बायकोचं… कधीपासून?

बहुतेक सर्जन साधारण ६ आठवड्यांनंतर हरकत घेत नाहीत. सुरुवातीला ज्याचा सांधा बदलला त्याने पाठीवर राहायचं, कष्ट दुसऱ्याचे. सर्जनना विचारायला लाजू नका, त्यांना हा प्रश्न नवा नाही. विचारताना मुलाला मात्र खोलीबाहेर पाठवा.

मुलीकडे जाताना मोपा विमानतळावर सुरक्षा तपासणीत यंत्र वाजलं. जवान म्हणाला, ‘धातूचं काही असेल तर काढून ठेवा.’ मी म्हटलं, आत आहे. तो म्हणाला, ‘आत असलं तरी काढावं लागेल.’ आता परतीच्या प्रवासात काय करू?
— पेडणे

यंत्र पुढेही बऱ्याचदा वाजेल. कमानीतून जाण्याआधीच ‘खुब्यात धातूचा सांधा आहे’ असं सांगा आणि हात त्या जागेवर ठेवून दाखवा. हॉस्पिटलचं कार्ड असेल तर बोलणं सोपं होतं, पण अंगझडती चुकत नाही, म्हणून थोडं लवकर निघा. कडेची सीट मागा आणि मधूनमधून उठून फेरी मारा. ऑपरेशनला तीन महिने झाले नसतील आणि प्रवास लांबचा असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला, रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. कपडे सैल घाला. बायकांची झडती पडद्याआड महिला जवानच घेते, आणि तुमच्यासारख्या खुबेवाल्या तिने दिवसभरात कितीतरी पाहिलेल्या असतात.