वाचकांचे प्रश्न: बँकेकडच्या रोख्यांचा आजचा भाव कोण ठरवतं?

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. एका मोठ्या बँकेचे थोडे शेअर्स बरीच वर्षं माझ्याकडे आहेत, त्यामुळे वार्षिक अहवाल येतो. यंदा पहिल्यांदाच तो नीट वाचायला घेतला. गुंतवणुकीच्या पानावर 'फेअर व्हॅल्यू' लिहिलंय आणि पुढं लेव्हल १, २, ३ असे रकाने आहेत. काही रोख्यांची फेअर व्हॅल्यू खरेदीपेक्षा कमी दिसते. हा तोटा झाला का? आणि भाव बँकच ठरवत असेल तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: नमस्कार सर. तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण तिथं जायला आधी फेअर व्हॅल्यू म्हणजे काय ते बघावं लागेल.

तुम्ही सांगलीचे, म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे सौदे तुम्हाला नवीन नाहीत. समजा एका शेतकऱ्यानं भाव बरा नव्हता म्हणून पन्नास पोती राजापुरी हळद विकलीच नाही, पूर्वी हरिपूरच्या पेवात ठेवायचे तशी साठवून ठेवली. आज त्या हळदीची किंमत काय? पिकवायला किती खर्च आला ती नाही आणि पुढं किती मिळेल असं त्याला वाटतंय तीही नाही, आज त्याच प्रतीच्या हळदीला सौद्यात जो भाव निघाला ती. फेअर व्हॅल्यू म्हणजे हेच. हिशेब कसे मांडायचे याची मानकं असतात, त्यातलं आंतरराष्ट्रीय आयएफआरएस १३ आणि आपल्याकडचं इंड एएस ११३, दोन्हीकडं व्याख्येचा सारांश असा की मोजणीच्या दिवशी बाजारातल्या माहीतगार लोकांमध्ये सुरळीत व्यवहार झाला तर ती वस्तू विकून काय मिळेल. विकून मिळेल ती किंमत, घेताना दिलेली नाही.

यातला 'सुरळीत' हा शब्द सोडू नका. घरात कुणी दवाखान्यात आहे, उद्या सकाळी पैसे भरायचेत म्हणून एखाद्यानं रानाचा तुकडा येईल त्या भावाला दिला, तर तो काही त्या भागातल्या रानाचा भाव होत नाही. बँकेच्या रोख्यांचंही तसंच, कुणी अडचणीत सापडून माल काढला तर त्या एकाच व्यवहारावर सगळ्यांचे भाव ठरत नाहीत. पण म्हणून बाजारच पडलेला असताना 'ही तात्पुरती मंदी आहे, खरा भाव वरचा आहे' म्हणत जुना आकडा धरून बसायची सोय पण नियमात नाही. अजून एक बारकावा सांगतो, मला तो फार आवडतो. हळद घरात असेल तर यार्डापर्यंतचं टेम्पोभाडं फेअर व्हॅल्यूतून वजा होतं, कारण माल कुठं पडलाय हा मालाचाच गुण झाला, पण तोलाई-हमाली वजा होत नाही, तो व्यवहाराचा खर्च. रोख्याला टेम्पो लागत नाही, आणि दलाली वजा करायची नाही, म्हणून तिथं हिशेब सरळ राहतो.

आता लेव्हल. रोज सौदा होतो आणि भाव सगळ्यांसमोर निघतो, ती लेव्हल १. शेअर बाजारातले चालू शेअर्स, किंवा रिझर्व्ह बँकेच्या एनडीएस-ओएम या यंत्रणेवर भरपूर उलाढाल असलेले सरकारी रोखे यात येतात. भाव गुणिले नग, विषय संपला. बँकेकडं नग खूप आहेत, एकदम विकले तर भाव पडेल, म्हणून थोडं कमी धरतो, हे लेव्हल १ ला चालत नाही.

लेव्हल २ म्हणजे नेमका हाच रोखा आज कुणी घेतला-विकला नाही, पण त्याच्या आजूबाजूचे आकडे बाजारात दिसतायत. समजा सात वर्षं मुदतीचा एका चांगल्या कंपनीचा रोखा आहे. पाच वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचं यील्ड, म्हणजे आजच्या भावाला घेतले तर वर्षाला पडणारा परतावा, माहीत आहे, त्यावरून सात वर्षांचं काढायचं, त्या रेटिंगच्या, म्हणजे तेवढ्याच पतीच्या, कंपन्यांना सरकारपेक्षा किती टक्के जास्त द्यावे लागतात तो फरक त्यात मिळवायचा, आणि आलेल्या दरानं पुढचं सगळं व्याज आणि मुद्दल आजच्या किमतीत आणायचं. तुम्ही गणिताचे असाल तर करूनच बघा: १०० रुपयांचा, ७ टक्के व्याजाचा, दहा वर्षं बाकी असलेला रोखा, व्याज वर्षातून एकदा. बाजारात दर ८ टक्के झाला की त्याची किंमत साधारण ९३.२९ येते, दर ६ झाला तर १०७.३६. तोच रोखा दोनच वर्षांचा असता तर ८ टक्क्यांना ९८.२२ च्या आसपास, म्हणजे मुदत लांब तेवढा हेलकावा मोठा. तुम्हाला कमी दिसलेले आकडे बहुतेक यातूनच आले असतील, व्याजदर वर गेले की जुने कमी व्याजाचे रोखे स्वस्त होतात, त्यात कुणी पैसे बुडवलेत असं नाही.

लेव्हल ३ मात्र वेगळं प्रकरण. इथं बाजारात बघायलाच काही नाही, बँकेला स्वतःचे अंदाज घालावे लागतात. आपल्या सांगलीचंच उदाहरण देतो. १९१६ साली सुरू झालेली सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, तेव्हा सांगली बँकेच्या ९२५ शेअर्सना आयसीआयसीआयचे १०० शेअर्स असं प्रमाण ठरलं. आयसीआयसीआयच्या शेअरचा भाव रोज पेपरात यायचा. सांगली बँकेचा शेअर बाजारात लिस्टेडच नव्हता, मग त्याची किंमत काढायला शाखा, ठेवी, थकबाकी, भांडवल, पुढची कमाई असं सगळं धरूनच अंदाज बांधायचा, आणि दोन जाणकार बसवले तर दोन आकडे येणार. लिस्टेड नसलेल्या शेअर्ससाठी आपल्याकडं रिझर्व्ह बँकेचा नियम कडक आहे: कंपनीच्या ताज्या ताळेबंदावरून ब्रेकअप व्हॅल्यू, म्हणजे देणी वजा जाता एका शेअरमागं काय उरतं ते, काढा, आणि ताळेबंदच मिळत नसेल तर त्या कंपनीतली अख्खी गुंतवणूक १ रुपया धरा. एका शेअरला नाही, अख्ख्या कंपनीला एक रुपया. मला हा नियम योग्य वाटतो, कागद दाखवता येत नसतील तर किंमतही मागू नका.

आता तुमचा विश्वासाचा प्रश्न. सरकारी रोख्यांच्या बाबतीत बँक मनानं भाव लावत नाही. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया म्हणजे एफबीआयएल ही संस्था रोज भाव जाहीर करते, ३१ मार्च २०१८ पासून ते काम त्यांच्याकडं आहे, त्याआधी फिम्डा ही बाजारातल्या बँका-संस्थांची संघटना करायची. तेच भाव सगळ्या बँकांनी घ्यायचे. बँकेच्या आत पण जो माणूस खरेदी-विक्री करतो त्यानं भाव लावायचा नसतो, ते काम मिड-ऑफिस या वेगळ्या विभागाचं. मी मुंबईला एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे गुंतवणूक सांभाळणाऱ्या विभागात, बरीच वर्षं त्याच टेबलावर होतो. एकदा तिमाही संपत आलेली, एका कंपनीच्या रोख्यात कित्येक महिने व्यवहारच झालेला नव्हता, डीलर एका ब्रोकरनं फोनवर सांगितलेला भाव घेऊन आला. आम्ही यील्डवरून काढला तर शंभराला तीन रुपये कमी येत होता. वरून पण निरोप आला की एवढं काय ताणताय, घ्या तोच भाव. दोन दिवस वाद झाला, मला रात्री झोप लागली नाही, कारण तिथं सही माझी होती. मी लिहून दिलं की या भावाला खरंच घेणारा आहे तर दहा नग विकून दाखवा, मी लगेच सही करतो. कुणी घेणारा निघाला नाही आणि शेवटी आमचाच भाव लागला. म्हणून सांगतो, अहवाल वाचताना लेव्हल ३ चा आकडा एकूण गुंतवणुकीच्या किती टक्के आहे ते बघा आणि गेल्या वर्षीशी ताडून बघा. वाढला असेल तर का वाढला हे सभासद म्हणून विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एक लक्षात असू द्या, एखाद्या रोख्याचा भाव काढायला वापरलेल्या दहा आकड्यांपैकी नऊ बाजारातले आणि एकच अंदाजाचा, पण तो एकच किंमत हलवणारा असेल तर तो अख्खा रोखा लेव्हल ३ मध्येच जातो.

राहिला तोटा. १ एप्रिल २०२४ पासून व्यापारी बँकांना नवीन नियम लागू आहेत, त्यात तीन कप्पे. मुदतीपर्यंत ठेवायचे ते एचटीएम, त्यांच्यावर बाजारभावाचा परिणाम हिशेबात दाखवत नाहीत. विकू शकतो असे एएफएस, त्यांचा चढउतार नफा-तोट्यात न जाता एका वेगळ्या राखीव निधीत जातो. बाकीचे एफव्हीटीपीएल, त्यांचा सरळ नफा-तोट्यात. म्हणजे तुम्हाला दिसलेली घट कुठल्या कप्प्यातली यावर सगळं अवलंबून आहे.

प्रश्न: आमच्या अर्बन बँकेच्या अहवालात 'गुंतवणूक घसारा निधी' आणि 'गुंतवणूक चढउतार निधी' अशी दोन नावं आहेत. एवढा पैसा बाजूला काढलाय म्हणजे बँक अडचणीत आहे का? माझी ठेव आहे, काळजी वाटते.
— एक ठेवीदार ताई, शाहूपुरी, सातारा

उत्तर: ताई, हे निधी आहेत म्हणून घाबरू नका, नसते तर मी घाबरलो असतो. घसारा निधी म्हणजे रोख्यांचा बाजारभाव खरेदीच्या खाली गेला तेवढी केलेली तरतूद. चढउतार निधी म्हणजे चांगल्या वर्षात रोखे विकून नफा झाला तेव्हा वाईट वर्षासाठी बाजूला ठेवलेला पैसा, पावसाळ्याआधी सरपण भरून ठेवतो तसा. नागरी सहकारी बँकेत हा दुसरा निधी विक्रीयोग्य गुंतवणुकीच्या किमान ५ टक्के असावा असं रिझर्व्ह बँक सांगते.

नागरी सहकारी बँकांना वर सांगितलेले नवीन कप्पे लागू नाहीत, त्यांची पद्धत जुन्या वळणाची आहे, विक्रीयोग्य रोख्यांचे भाव एकंदरीत घसरले तर तरतूद करायची, वाढले तर ती वाढ धरायची नाही. म्हणून मोठ्या बँकेच्या अहवालाशी तुमच्या बँकेचा अहवाल ओळीला ओळ जुळवत बसू नका, जुळणार नाही. त्यापेक्षा वार्षिक सभेत उभं राहून एकच विचारा, मुदतीपर्यंत ठेवायच्या रोख्यांची पुस्तकी किंमत किती आणि आजचा बाजारभाव किती. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका, पुढच्या रांगेत बायका बसत नाहीत म्हणून मागं बसून राहू नका. आणि ठेवीचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेलाही.

प्रश्न: मी एम.कॉम. करतोय. एचटीएमच्या रोख्यांवर बाजाराचा परिणाम दाखवत नाहीत असं सरांनी शिकवलं. मग अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक रोख्यांमुळंच कशी बुडाली?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर: परिणाम दाखवत नाहीत याचा अर्थ परिणाम होत नाही असा नाही, आणि तुझ्या प्रश्नाची सगळी गोम तिथंच आहे.

परत हळदीवर येतो. शेतकरी बेण्यासाठी काही गड्डे बाजूला काढून ठेवतो. यार्डात भाव काहीही होऊ दे, ते विकायचेच नाहीत, म्हणून तो रोज त्यांची किंमत करत बसत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण देणेकरी दारात बसला आणि बेणंच विकायची पाळी आली तर? मग यार्डातला भावच मिळणार, मनातला नाही.

त्या बँकेकडं २०२२ च्या शेवटी एचटीएममध्ये साधारण ९१ अब्ज डॉलरचे रोखे होते, बाजारभावानं ते ७६ अब्जांच्या आसपास. फरक १५ अब्ज, आणि बँकेचं स्वतःचं भांडवल साधारण १६ अब्ज. हे काही लपवलेलं नव्हतं रे, बाजारभाव अहवालात छापलेला होता. मार्च २०२२ पर्यंत अमेरिकेतले व्याजदर शून्याच्या आसपास होते, पुढच्या फेब्रुवारीत ४.५ च्या वर गेले, आणि बँकेकडचे रोखे लांब मुदतीचे, म्हणजे वरचं ९३.२९ चं गणित आठव. ८ मार्च २०२३ ला बँकेनं सांगितलं की एएफएसमधले २१ अब्जांचे रोखे विकले आणि १.८ अब्ज तोटा झाला. दुसऱ्याच दिवशी लोकांनी ४२ अब्ज डॉलर काढायला लावले, १० मार्चला बँक बंद. ठेवीदार मोजके, मोठे आणि एकमेकांना ओळखणारे, बहुतेकांच्या ठेवी विम्याच्या मर्यादेबाहेर, त्यामुळे सगळे एकदमच धावले.

आपल्याकडं एचटीएममधून वर्षात सुरुवातीच्या किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त विकायचं तर रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी लागते, काही अपवाद सोडून. परीक्षेत हे लिहीच, पण त्याच्या शेजारी हेही लिही की एचटीएममध्ये ठेवण्याची ताकद ही बँकेच्या इच्छेवर नाही, ठेवीदार थांबतात की नाही त्यावर ठरते.

प्रश्न: बँक माझ्या एफडीची आणि माझ्या घरकर्जाची पण फेअर व्हॅल्यू काढते का?
— एक वाचक, वाई

उत्तर: तुमच्या खात्यावर त्याचा काही परिणाम नाही. आपल्या बँका कर्जं बाकी रक्कम वजा तरतूद अशीच दाखवतात आणि ठेवी देणं आहे तेवढ्याच. जिथं फेअर व्हॅल्यू द्यावी लागते तिथं मागितल्याबरोबर द्यायच्या ठेवीची किंमत त्या रकमेपेक्षा कमी धरता येत नाही असा साधा नियम आहे, म्हणजे बचत खात्यात ४०,००० असतील तर ते ४०,०००च. बदलत्या व्याजाच्या कर्जात दर बाजाराबरोबर हलतो, म्हणून त्याची फेअर व्हॅल्यू बाकी रकमेच्या जवळपासच निघते. पाच वर्षांच्या एफडीचं गणित मात्र रोख्यासारखंच आहे, दर वाढल्यावर तुमची जुनी एफडी बँकेला स्वस्त पडते. तेव्हा मोडायचा विचार आलाच तर शाखेत आधी दंड किती ते विचारा, नवीन दरानं उरलेल्या मुदतीत किती जास्त मिळतात ते कागदावर मांडा आणि मगच फॉर्म भरा.