डबा दाखवायच्या आधी अर्ज कर

तुझा टिफिन मस्तच झालाय, झाकणाची ती एका बाजूला उतरती कड लगेच नजरेत भरते. पण इन्स्टावर टाकला नाहीयेस ना अजून? टाकूच नकोस, आधी त्याच्या दिसण्याचं, म्हणजे डिझाइनचं, रजिस्ट्रेशन करायला अर्ज कर. आपल्याकडे अर्जाच्या आधी वस्तू जगात कुठेही लोकांसमोर आली की नावीन्य गेलं, रजिस्ट्रेशन मिळालं तरी पुढे कोणी रद्द करायला लावू शकतो. युरोप-अमेरिकेत आधी दाखवलं तरी अर्ज करायला 12 महिन्यांची सवलत असते, चीनमध्ये ती फार मोजक्या कारणांसाठी मिळते, आणि नक्कल कुठून यायची शक्यता जास्त ते मी काय सांगू तुला!

तेव्हा आधी भारतात अर्ज कर, ऑनलाइन होतो, डिझाइनचं काम कोलकात्याच्या पेटंट ऑफिसात चालतं. पेटंट-डिझाइनसाठी देशादेशांत जो पॅरिस करार आहे, त्यामुळे त्या तारखेपासून 6 महिन्यांत बाहेरच्या देशात अर्ज केलास तर तिथेही हीच तारीख धरतात. पेटंटला 12 महिने मिळतात ना, म्हणून लोक डिझाइनलाही तेवढेच समजून निवांत बसतात आणि फसतात.

डिझाइनसाठीच्या हेग करारातला एकच अर्ज जिनिव्हाला करून बरेच देश उरकता येतात हे तू वाचलंच असशील, पण हे लिहितोय तोवर भारत त्यात नाही, आणि जर्मनीतल्या भावाचा नुसता पत्ता टाकून तुझ्या कंपनीला त्यात घुसता येत नाही, तिथे खरोखर चालणारा धंदा लागतो. म्हणजे तुला देशागणिक वेगळा अर्ज. युरोपियन युनियनला मात्र एका अर्जात 27 देश येतात, ब्रिटन आता वेगळा.

सगळ्यात जास्त वेळ ड्रॉइंगवर घालव, खरंच. अमेरिकेत सलग रेघेने काढलेलं तेवढंच तुझं, तुटक रेघ म्हणजे त्यावर हक्क सांगत नाही. लोगो सलग काढलास तर नक्कल करणारा बिनलोगोचा डबा काढून तेवढ्यावरच वाद घालत बसेल. आणि पहिल्या अर्जात नसलेली बाजू नंतर दाखवलीस तर जुनी तारीख अडचणीत येते, म्हणून खालचा तळसुद्धा पहिल्यांदाच दाखव, कंटाळा करू नकोस. क्लिप कशी लागते ते यात येत नाही हां, ते पेटंटचं काम, इथे फक्त दिसणं.

सगळे देश करत बसू नकोस, पैसे संपतील. जिथे विकणार आणि जिथे कोणी बनवू शकेल तेवढेच धर. फ्रँकफर्टच्या आंबिएंटे प्रदर्शनात स्टॉल घेतेयस म्हणालीस, तर कॅटलॉग प्रिंटला जायच्या आधी अर्जाचा नंबर हातात हवा. ड्रॉइंग झाली की पाठव, बघतो.