निवृत्त परिचारिका असलेल्या दिवंगत आईविषयी काय लिहावे?

आपण विचारले आहे की, सरकारी नोकरीतून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या आईच्या वर्षश्राद्धानिमित्त घरच्या स्मरणपुस्तिकेसाठी दोन पाने लिहायची आहेत, पण ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘सेवाभावी’ या शब्दांपुढे लेखणी सरकत नाही. माझी आईही याच नोकरीत होती. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आरोग्य उपकेंद्रात तिची बहुतेक वर्षे गेली आणि तिच्यावर लिहिताना मलाही पहिली चार पाने फाडावी लागली, म्हणून अनुभवाने सांगतो.

सुरुवात घरातल्यांना विचारून करू नका. आम्हा भावंडांना आठवत होते ते मुख्यतः तिचे घरी नसणे: आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) पितरांसाठीची घागर भरायची वेळ झाली तरी ती परतलेली नसे, आणि श्रावणातल्या कानबाई देवीच्या उत्सवातील रोटांची (नैवेद्याची) सगळी कामे मोठ्या काकूंवर पडत. शेवटी आम्ही तिच्या कार्यक्षेत्रातल्या गावांत गेलो. (‘परिचारिका’ हा शब्द तिथे कोणीच वापरला नाही, सगळ्यांसाठी ती ‘नर्सबाई’च.) एका आजींनी पायाळू बाळाची हकिकत सांगितली. पावसाळ्याच्या रात्री बैलगाडी पाठवून आईला आणले होते आणि कंदिलाच्या उजेडात बाळंतपण झाले होते. “बाई व्हती म्हनीसन मनी पोर वाचनी,” असे म्हणत त्यांनी जिच्याकडे बोट दाखवले, ती ‘पोर’ आता स्वतः सासू झाली आहे. असे वाक्य मिळाले तर ते अहिराणीतच ठेवा. प्रमाण मराठीत आणले की ते खात्याच्या अहवालातले वाटू लागते.

कामाचे वर्णन मात्र बारकाईने करावे. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, एवढे लिहिले की बर्फाच्या पिशव्या भरलेला लसीचा डबा खांद्याला अडकवून पाड्यापर्यंत चालत जाणे म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला आपोआप कळते. १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. पुढे पोलिओच्या कुपीवर उष्णता दाखवणारी खूण येऊ लागली. तिच्यातला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती लस बाद. आई प्रत्येक दारात थेंब पाजण्याआधी चष्मा वर करून तो चौकोन पाहत असे, मागे कितीही खोळंबा झाला तरी. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले, तेव्हा ती निवृत्त झालेली होती. तिने फक्त टीव्हीचा आवाज वाढवला आणि बातमी संपल्यावर पुन्हा कमी केला.

एक अवघड गोष्टही लिहावी, असे माझे मत आहे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांची उद्दिष्टे १९९६ पर्यंत या नर्सबायांच्या मानेवर असत, आणि मार्च महिना आला की आई एकेका दारात तासन्‌तास बसून राही. त्यातल्या एका बाईला आपण जरा जास्तच गळ घातली, ही खंत तिने शेवटच्या आजारपणात बोलून दाखवली. धाकट्या भावाचा विरोध होता, तरीही मी ते लिहिले. ते वगळले असते तर लेखातली बाई आम्हालाच ओळखू आली नसती.

नेमणुका, बदल्या, निवृत्तीची तारीख हे सेवापुस्तकात मिळेल. त्याला दोन ओळी पुरेत. आपणही खान्देशातलेच आहात, तेव्हा येत्या आखाजीला आईंच्या नावाची घागर भराल आणि त्यांच्या ओळखीच्या बायका घरी येतील. त्या वेळी वही जवळ ठेवा, आणि “आई कशा होत्या?” असे न विचारता “त्या तुमच्या घरी पहिल्यांदा कधी आल्या?” असे विचारा.