वाचकांचे प्रश्न : प्रयोगशाळा एकीकडे, पेटंट दुसरीकडे

प्रश्न : पेटंटचा कायदा ढिला असेल तिथे बहुराष्ट्रीय कंपन्या संशोधनात पैसा घालत नाहीत, असं वाचलं होतं. मग मायक्रोसॉफ्टने १९९८मध्ये, पेटंटचे किमान नियम पाळायला लावणाऱ्या जागतिक व्यापार संघटनेत चीन यायच्या तीन वर्षं आधीच, बीजिंगला संशोधन केंद्र कसं काढलं?

उत्तर : शोध लागला तिथेच पेटंट घ्यायचं, असं काही नसतं. पेटंट त्या त्या देशापुरतं असतं आणि कंपनी ते बाजार बघून घेते. बीजिंगमधल्या शोधावर अमेरिका, युरोप, जपानमध्ये अर्ज करता येतो. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत इतर देशांत अर्ज केला, तर तारीख पहिलीच धरली जाते. पीसीटीच्या (एकाच अर्जातून अनेक देशांत पेटंट मागायची सोय देणारा आंतरराष्ट्रीय करार) मार्गाने गेल्यास एकेका देशात शिरायला साधारण ३० महिने मिळतात.

खरी धास्ती असते गळतीची. इंजिनिअर नोकरी सोडतो, डोक्यातलं सगळं घेऊन समोरच्या कंपनीत जातो. यावर तोडगा म्हणजे कामाचे तुकडे करणं. चिपच्या एका भागाची आखणी एका देशात, तिची तपासणी दुसऱ्या देशात, जोडणी मुख्यालयात. सुटा तुकडा कुणाच्या हाती लागला तरी बाकीच्यांशिवाय तो निरुपयोगी. संशोधक मिन्युआन झाओ यांच्या २००६च्या अभ्यासातही हेच दिसलं : कायदा कमकुवत असलेल्या देशांत लागलेले शोध पुढे जास्त करून त्याच कंपनीच्या आत वापरले जातात. औषधाच्या रेणूचे मात्र असे तुकडे पडत नाहीत. रचना कळली की नक्कल आलीच, म्हणून औषध कंपन्या कायद्यासाठी एवढ्या हटून बसतात.

प्रश्न : कायदा कडक केला की गुंतवणूक वाढते का?

उत्तर : वाढते, पण सगळ्यांची नाही. ब्रान्स्टेटर, फिसमन आणि फोली या अर्थतज्ज्ञांनी १६ देशांतल्या पेटंट कायद्याच्या सुधारणा तपासल्या. अमेरिकी कंपन्यांच्या तिथल्या उपकंपन्यांनी मूळ कंपनीला दिलेली रॉयल्टी (तंत्रज्ञान वापरण्याचा मोबदला) वाढली, संशोधनखर्चही वाढला. वाढ मुख्यतः आधीपासून पेटंटचा भरपूर वापर करणाऱ्या कंपन्यांत होती. देशांची तुलना करताना पेटंट कायदा किती कडक आहे ते सांगणारा गिनार्ट-पार्क निर्देशांक (० ते ५) सर्रास वापरतात. तो कायद्यात काय लिहिलंय ते मोजतो, खटला किती वर्षं रखडतो ते नाही. नुसत्या आकड्यावर विसंबू नका.

प्रश्न : आमचा गट भारत आणि अमेरिकेत विभागलेला आहे. अर्ज आधी कुठे करायचा?

उत्तर : बाहेर अर्ज करायला ज्या देशाची परवानगी लवकर मिळेल, तो सोडून दुसऱ्या देशात, पण ती परवानगी हातात आल्याशिवाय नाही. इथेच बरेच जण फसतात. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३९ शोधकर्ता कुठे राहतो ते बघतं, अमेरिकेचा कायदा शोध कुठे लागला ते. भारतात राहणाऱ्याने एकतर लेखी परवानगी मागायची (साधारण २१ दिवस लागतात) किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. अमेरिकेत परवानगी नसेल तर तिथल्या अर्जानंतर सहा महिने. चुकून राहिलं तर अमेरिकेत मागाहूनही परवानगी मिळू शकते. भारतात मात्र अर्ज सोडून दिल्याचं धरतात, मिळालेलं पेटंटही रद्द होऊ शकतं.

शोधकर्त्यांची नावं आणि राहण्याचा देश प्रकल्प सुरू होतानाच नोंदवून ठेवा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी देश बदललेला निघतोच.