कुठला पांढरा?

प्रश्न : काका, आम्ही खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्याला नवं घर बांधलं. पुढच्या सोप्याच्या खिडक्या उत्तरेला आहेत आणि अंगणात फणसाची दोन मोठी झाडं आहेत. दुकानात कार्डावर बघून अगदी शुभ्र पांढरा निवडला, तिथं तो दुधासारखा दिसला. भिंतीवर मारल्यावर मात्र घर दवाखान्यासारखं वाटतंय. पावसाळ्यात तर भिंती निळसर, आजारी दिसतात. हे म्हणतात, "पांढरा तो पांढरा, त्यात काय बघायचं?" सासूबाई म्हणतात, चुनाच बरा होता. पुन्हा रंग द्यायचा तर आता कुठला पांढरा घ्यावा? (एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, रंगही खोटा निघालेला नाही. बेळगाव, शहापूर, वडगाव या भागात मी 36 वर्षं रंगकाम केलं आणि सगळ्यात जास्त तक्रारी पांढऱ्याच्याच ऐकल्या. निळा चुकला तर लोक म्हणतात, आवडला नाही. पांढरा चुकला की काय चुकलंय तेच त्यांना सांगता येत नाही, नुसतं घरात करमत नाही.

माझा जोडीदार कानडी होता. गिऱ्हाईक "पांढरा मारा" म्हणालं की तो लगेच विचारायचा, "याव बिळी?" म्हणजे कुठला पांढरा? मला आधी वाटायचं, हा उगाच वेळ काढतोय. पण एकदा त्यानं जेवायला बसल्यावर माझ्यासमोर भात, ताक आणि दुधावरची साय शेजारी शेजारी मांडली आणि म्हणाला, बघ. भातात निळसर झाक, ताकात हिरवट, सायीत पिवळी. तिन्ही पांढरेच. त्या दिवसापासून मी शेड कार्ड बघण्याआधी घर बघायला लागलो.

आता तुमच्या सोप्याकडे येऊ. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, आभाळाचा उजेड येतो. तो सारखा आणि शांत असतो, पण निळसर असतो. त्यात आपल्याकडचा पावसाळा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर मृगापासून कितीतरी दिवस सूर्य दिसत नाही, त्यामुळे उजेड आणखी थंड होतो. वरून फणसाची पानं. दाट हिरव्या पानांवरून आलेला उजेड थोडी हिरवट झाक घेऊनच आत येतो. तुम्ही निवडलेल्या पांढऱ्यात पिवळ्याचा टिपूसही नसावा, त्यामुळे भिंतीनं बाहेरचा निळा-हिरवा जसाच्या तसा उचलला. पांढऱ्या भिंतीचा स्वभावच तो. समोर जे असेल ते ती अंगावर घेते.

हे पटत नसेल तर एक करून बघा. वहीचा कोरा कागद भिंतीला चिकटवा आणि चार पावलं मागे सरून बघा. कागदाच्या शेजारी भिंतीतली झाक एकदम उघडी पडते. यजमानांनाही तिथंच उभं करा. मग पांढरा तो पांढरा हे ते म्हणणार नाहीत.

तुमच्यासाठी मी सायीच्या जातीचा पांढरा सांगीन. पांढऱ्यात पिवळ्या मातीच्या रंगाचा अगदी थोडा अंश आणि त्याहूनही कमी तांबडा. दुकानातल्या मशीनवर हे थेंबाथेंबानं घालता येतं. त्यापुढे गेलात तर तो पांढरा राहत नाही, बदामी होतो, आणि अशा सोप्यात बदामी मळकट दिसतो. कार्डावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात रंग किती उजेड परत फेकतो याचा आकडा असतो, शून्यापासून शंभरापर्यंत. तुमच्या खोलीला 80 ते 85 पुरे. आधीच उजेड कमी, त्यामुळे त्याच्या खाली नको. पण नव्वदीकडे गेलात की पुन्हा तोच थंडपणा येण्याची भीती.

मात्र कार्डावरून ठरवू नका. कार्डावरचा तुकडा नखाएवढा, आणि दुकानातला दिवा तुमच्या घरातला नाही. तीन शेड निवडा, प्रत्येकाचा लहानात लहान डबा आणा. दोन फूट बाय दोन फूट प्लायचे तीन तुकडे घ्या, आधी प्रायमर, मग रंगाचे दोन हात. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो, म्हणून एक रात्र जाऊ द्या. मग ते तुकडे सोप्यात फिरवा, खिडकीजवळ, दाराच्या मागे, टीव्हीच्या कोपऱ्यात. सकाळी बघा, दुपारी बघा, दिवे लावून बघा. तुकडे जुन्या भिंतीला अगदी खेटून ठेवू नका. मध्ये कोरा कागद घाला, नाहीतर जुन्या निळसर रंगाशेजारी कुठलाही शेड पिवळाच वाटेल.

दिव्यांचंही बघून घ्या. घरात 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूब असतील तर दिवसभराचा निळा उजेड रात्रीही संपत नाही. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तेवढा उजेड निळसर. दिव्याच्या खोक्यावर तो छापलेला असतो. 3000 ते 4000 मधले दिवे आणा. रंगाला हात लावण्याआधी हेच करा, कारण कधी कधी अर्धं दुखणं तिथंच जातं.

रंग त्याच घरात, दिवसभर बघून ठरवावा, ही गोष्ट मी एका घराचं नुकसान करून शिकलो. वडगावात एका विणकराच्या घरी पुढची खोली पश्चिमेची होती आणि खाली जुनी तांबडी घोटीव जमीन, आरशासारखी. मी गुलाबी झाक असलेला पांढरा मारला. सकाळी बघितलं तर छान. संध्याकाळी ऊन दारातून त्या जमिनीवर पडलं आणि चारी भिंती लहान मुलाच्या झबल्यासारख्या गुलाबी झाल्या. मागाचं काम थांबवून त्यांनी दिवाळीच्या तोंडावर खोली रिकामी करून दिली होती. मला फार वाईट वाटलं. चार दिवसांनी माझ्या खर्चानं पुन्हा दोन हात मारले, या खेपेला जरा राखाडीकडे झुकणारा पांढरा. तो त्या तांबड्या जमिनीवर शोभला. तुमच्या फणसाच्या सावलीत तोच रंग मेल्यासारखा दिसला असता.

घाई मात्र करू नका. नवं घर, त्यात तुमच्याकडचा पाऊस. नव्या गिलाव्याला एरवी 28 दिवस द्यावेत, पण पावसात भिंत तेवढ्यात सुकत नाही. नवरात्र होऊ द्या. मग हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस-रात्र ठेवा. आतून दव धरलं तर भिंतीत ओल आहे, थांबा. कोरडा निघाला तर जुना रंग खरवडायची गरज नाही, पॉलिश पेपरनं घासा, धूळ पुसा आणि वर दोन हात मारा. 12 बाय 15 फुटांचा, दहा फूट उंचीचा सोपा धरला तर दारं-खिडक्या सोडून साडेचारशे चौरस फुटांच्या आसपास भिंत होते. एका लिटरात दोन हातांनी 50-60 चौरस फूट होतात, म्हणजे आठ-नऊ लिटर लागेल. सगळा रंग एकाच वेळी मिसळून घ्या आणि डबे वेगवेगळे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करा. मशीनवरही दोन डब्यांत केसभर फरक पडतो आणि पांढऱ्यात तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

सासूबाईंचं म्हणणं मी टाळत नाही. आमची आजी दिवाळीआधी चुना भिजवायची, फडक्यातून गाळायची आणि निळीची पुडी हातात घेऊन उभी राहायची. चिमूटभर टाकायची, काठीनं ढवळायची, कुंच्यानं जोत्यावर एक पट्टा ओढायची आणि वाळेपर्यंत तिथंच बसायची. मग पुन्हा चिमूट. निळीनं चुन्यातला पिवळेपणा मरतो आणि पांढरा उठून दिसतो. घराच्या उजेडात, घराच्याच भिंतीवर, वाळवून बघून ती रंग ठरवायची. पण तिचं घर पूर्वेचं होतं, उन्हाचं. तुमच्या सोप्याला नीळ नको, हे त्यांना आजीचाच दाखला देऊन सांगा, पटेल.

प्रश्न : निपाणीजवळ आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. भिंतींना वर्षानुवर्षं चुना लावलाय. त्यावर पांढरा प्लास्टिक इमल्शन मारला तर एका पावसातच पोपडे निघाले. पुन्हा मारू का?

उत्तर : नका मारू. भिंतीवर तळहात फिरवा, पांढरी भुकटी लागते ना? त्या भुकटीवर इमल्शन धरत नाही. शिवाय चिऱ्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. चुन्यातून ती बाहेर पडते, प्लास्टिकच्या थराआड अडकते आणि थर फुगून सुटतो. खालच्या तीन-चार फुटांत ओल असेल तर सुटलेला रंग काढून पुन्हा चुनाच लावा. वरचा भाग कोरडा असेल आणि धुता येणारी भिंतच हवी असेल तर भुकटी संपेपर्यंत खरवडून, प्रायमर मारून मग रंग. त्याला मजुरी बरीच लागते, आधी ठरवून घ्या.

प्रश्न : टिळकवाडीत फ्लॅट आहे. छताला भिंतीचाच पांढरा द्यावा का?

उत्तर : छत बुटकं असेल तर द्या, भिंत कुठं संपते ते कळत नाही आणि खोली उंच वाटते. नऊ फुटांच्या वर असेल तर साधा छताचा पांढरा चालेल. दोन्हीकडे मॅटच घ्या. चकाकीत गिलाव्याचा प्रत्येक उंचसखलपणा दिसतो. फक्त स्वयंपाकघरात धुता येणारा, थोड्या चकाकीचा घ्या.