कधी पेटणारा, कधी विझणारा इंजिनाचा दिवा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स कारमध्ये चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटतो, काही दिवसांनी आपोआप विझतो आणि महिन्याभराने पुन्हा पेटतो. दिवा विझला म्हणजे दोष गेला असे मानावे का?

उत्तर : तसे मानू नये. ओबीडी-२ या गाडीच्या स्वयंतपासणी पद्धतीत बहुतेक दोष पहिल्या फेरीत (इंजिन सुरू करून गाडी चालवून बंद करेपर्यंतची एक फेरी) केवळ प्रलंबित म्हणून नोंदले जातात आणि लगेचच्या दुसऱ्या फेरीत तोच दोष दिसला तर दिवा पेटतो. पुढे सलग तीन फेऱ्यांत ती तपासणी निर्दोष ठरली की दिवा विझतो, परंतु कोड, म्हणजे दोषाचा सांकेतिक क्रमांक, मात्र थंड इंजिन साधारण ४० वेळा पूर्ण तापेपर्यंत स्मृतीत राहतो. त्यामुळे दिवा विझलेला असतानाही स्कॅनर, म्हणजे कोड वाचणारे उपकरण, लावावा. कोडसोबत दोष पकडला गेला त्या क्षणाचे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), कूलंटचे तापमान, इंजिनावरील भार आणि गाडीचा वेग हेही ‘फ्रीझ फ्रेम’ या नोंदीत साठवलेले असतात. अधूनमधून येणाऱ्या दोषाचा याहून चांगला साक्षीदार नाही, आणि कोड पुसताच तोही पुसला जातो. ‘आधी कोड काढून टाकू, पुन्हा आला तर बघू’ असा सल्ला मिळाला, तर तो मानण्यापूर्वी या नोंदीचे छायाचित्र घेऊन ठेवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : कोड पी०३०३ आहे, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणे). त्या सिलिंडरचा प्लग आणि त्याला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा कॉइल दोन्ही बदलले, तरी वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की कोड परत येतो. आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता) इंजिन अगदी सुरळीत चालते.

उत्तर : कोड फक्त सिलिंडरचा पत्ता सांगतो, कारण सांगत नाही. आपण दिलेली खूण मात्र बोलकी आहे. टर्बोचा दाब वाढला की सिलिंडरमधील हवा दाट होते आणि प्लगच्या टोकांमधून ठिणगी उडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते, म्हणून प्रज्वलनातील कमजोरी आयडलिंगला लपते आणि भाराखाली उघडी पडते. नवे प्लग बसवताना त्यांच्या टोकांमधील अंतर फीलर गेजने मोजले होते का, हे आधी विचारावे. निर्मात्याने दिलेल्या मापापेक्षा ते जास्त असेल तर नवा प्लगही मिसफायर देतो. प्लगच्या खोबणीत तेल उतरले असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट गेलेले असते आणि तेलामुळे खराब झालेल्या, प्लगवर बसणाऱ्या कॉइलच्या रबरी बुटातून (आवरणातून) ठिणगी बाहेरच निसटते.

यानंतर सुटे भाग विकत न घेता अदलाबदल करावी : तिसऱ्याचा कॉइल पहिल्या सिलिंडरवर आणि तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यावर. आता पी०३०१ आला तर दोष कॉइलचा, पी०३०२ आला तर प्लगचा, आणि पी०३०३ कायम राहिला तर वायरिंग, इंधन फवारणारा इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) पाहावे. त्यातही माझा पहिला संशय वायरिंगवर असेल. जोर लावताना इंजिन माउंटिंगवर किंचित कलते आणि हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, ताणला जातो. उष्णतेने ठिसूळ झालेला कनेक्टर किंवा सैल पडलेली पिन नेमकी तेव्हा संपर्क सोडते. वायरचा एकच तंतू शाबूत असला तरी मल्टिमीटरवर ओहमचे माप निर्दोष दिसते, म्हणून विद्युतप्रवाह चालू असताना व्होल्टेज किती पडते ते मोजावे. तपासणी इंजिन गरम असतानाच करावी, कारण थंड इंजिनावर असा दोष बहुधा सापडत नाही.

प्रश्न : पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) असल्याचा कोड, मधूनच येतो. ऑक्सिजन सेन्सर बदलावा का?

उत्तर : बहुधा नाही, तो सेन्सर अनेकदा खरेच सांगत असतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे इंधनात आपोआप केली जाणारी टक्केवारीतील वाढ-घट, आयडलिंगला आणि नंतर ३००० आरपीएमला पाहावे. आयडलिंगला ते +२० टक्क्यांच्या आसपास असून आरपीएम वाढवल्यावर शून्याकडे येत असेल, तर इनटेकमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात) कुठेतरी बाहेरची हवा शिरत आहे. उलट भाराबरोबर ते वाढत असेल, तर इंधनाचा दाब किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा.

प्रश्न : ट्रॅकवर वळणाच्या कडेच्या कर्बवरून चाक गेले की मिसफायरचा कोड येतो, रस्त्यावर कधीच नाही.

उत्तर : ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, मिसफायर ओळखतो तो क्रँकशाफ्टच्या गतीतील बारीक चढउतारांवरून, आणि कर्बचे धक्के चाकांकडून तेथवर पोहोचतात. त्यामुळे नोंद खोटी असू शकते. फ्रीझ फ्रेममधील वेग आणि आरपीएम त्या कर्बशी जुळतात का ते पाहावे. लांब वळणात टाकीतील इंधन कमी असताना कोड येत असेल तर मात्र पंप कोरडा पडत असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : दिवा काही सेकंद लुकलुकतो आणि थांबतो. गाडी चालवत राहावे का?

उत्तर : स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत मोठा फरक आहे. लुकलुकणे म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा एक्झॉस्टमधील भाग) बिघडवण्याइतका मिसफायर चालू आहे : न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन पेटते आणि आतील जाळी वितळू शकते. ॲक्सिलरेटर लगेच सोडावा आणि कमी भारावर गाडी सुरक्षित जागी न्यावी. लुकलुकणे तरीही थांबले नाही तर इंजिन बंद करून गाडी उचलूनच न्यावी.